जेवढी होती तेवढी माफी

पंधरा वर्षं मी दारुड्यांच्या उशा झटकल्या. नर्सिंगच्या कोर्समध्ये नाडी, ताप, रक्तदाब बघायला शिकवतात, उशी झटकायला कोणी शिकवत नाही. ते मला गोंदियाला, मुर्रीच्या रस्त्यावरच्या एका मिशनच्या व्यसनमुक्ती केंद्रात शिकावं लागलं. १९९९ साली लागले तेव्हा वाटलं, वर्षभर काढू, सरकारी नोकरी लागली की सोडू. सरकारने काही बोलावलं नाही आणि दारुड्यांनी काही सोडलं नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, आम्ही तिथे उपदेश करतो. उपदेश सहाव्या दिवसापासून. पहिले पाच दिवस उपदेश ऐकायला माणूस जागेवर नसतोच. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की त्याचं अंग बंड करतं. थरथरतो, ओकतो, घामाने गादी भिजवतो. तिसऱ्या दिवशी कोणाला भिंतीवर मुंगळे दिसतात, कोणाला मेलेला सासरा दारात उभा दिसतो. गुंगीच्या गोळ्या, सलाईन, ताकदीची इंजेक्शनं द्यायची आणि दोघातिघांनी धरून ठेवायचं. पाच दिवस गेले की तो माणसांत येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "घरी कवा सोडता?"

उशा झटकायच्या त्या लपवलेल्या दारूसाठी, आणि आत दारू येण्याच्या वाटा अनेक. डोक्याच्या तेलाची बाटली, शेकायची रबरी पिशवी, सुईने टोचून भरलेलं टरबूज. एका म्हाताऱ्या आईने पोरासाठी कढी आणली. झाकण उघडलं तर मोहाच्या दारूचा भपकारा. मी म्हटलं, "आजी, हे काय?" तर म्हणते, "थोडीशीच टाकली बाई. तो थरथरून राह्यला, मले पाहवत नाई."

केंद्र ख्रिस्ती, पण आम्ही सगळे सरमिसळ. डॉक्टर हिंदू, स्वयंपाकी पोवार, मी बौद्ध घरातली. आमच्या पंचशीलातलं पाचवं शील दारूबद्दलच आहे. माझे काका वंदनेत पहिली चार शीलं खणखणीत म्हणायचे आणि पाचव्याला त्यांना नेमका खोकला यायचा. त्यामुळे देवधर्माच्या शब्दांत माणूस कुठे अडखळतो, तिकडे माझा कान लहानपणापासून तयार.

केंद्र चालवायचे ते पास्टरसाहेब केरळचे. माणूस सोन्यासारखा, मराठी मात्र अशी की वाक्यातलं प्रत्येक नाम लिंग बदलून यायचं. त्यांचा सगळा भर क्षमेवर. त्यांचं म्हणणं, दारुड्याच्या पोटात दारूच्या खाली राग असतो. ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना माफ केल्याशिवाय बाटली सुटत नाही. म्हणून दर गुरुवारी एक तास. प्रत्येकाने आपलं वाईट करणाऱ्यांची नावं कागदावर लिहायची आणि एकेकाला माफ करायचं.

हे कागद मी गोळा करायची. रेल्वेतल्या एका गँगमनने 'बायको' हा एकच शब्द सात ओळींत सात वेळा लिहिला होता. एका गुरुजींनी शाळेचा सगळा स्टाफ लिहिला, हुद्द्यासकट, सेवाज्येष्ठतेप्रमाणे. एकाने पास्टरसाहेबांचंच नाव लिहिलं, कारण जेवणात मटण नव्हतं. मी एकदा विचारलं, "साहेब, यांनी ज्यांचं वाईट केलं, त्यांची यादी कधी?" ते म्हणाले, "ती पुढच्या गुरुवारी." पुढच्या गुरुवारी अर्ध्या वॉर्डाला जुलाब लागले.

असं सगळं मी हसण्यावारी नेत होते. प्रभुदासचं प्रकरण होईपर्यंत.

प्रभुदास आजोबांपासूनचा ख्रिस्ती. गोंदियाच्या एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. वरातीत नवरदेवाकडे कोणी बघत नसे, लोक याच्याकडे बघत, असं त्याची बायको सुशीला सांगायची. सुशीला विड्या वळायची. तिनेच त्याला पहिल्यांदा आणला. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, याले ठेवून घ्या. नाईतर मीच राहते इथं, याले घरी पाठवा."

बँडवाल्यांची दारू म्हणजे कामाचाच भाग. वरात सुरू व्हायच्या आधी एक, मध्ये एक, संपली की मोजायचं कोणी नाही. पण प्रभुदास जिद्दीचा निघाला. चाळीस दिवस राहिला, घरी गेला आणि आठ महिने कोरडा राहिला. दर गुरुवारी तपासणीला यायचा. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून भांग, हातात माझ्यासाठी चार पेरू. आठ महिने म्हणजे आमच्या धंद्यात फार झाले. पास्टरसाहेब त्याला नव्या पेशंटांसमोर उभा करायचे. मीही मनातून त्याला आपलंच यश समजायला लागले होते.

मग मे महिन्यातल्या एका गुरुवारी तो डुलत आला. शर्टाची बटणं उलटसुलट. फाटकाशी उभा राहून म्हणाला, "बाई, मले पाजली."

हे वाक्य मी तोवर किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. कोणी स्वतः पीत नाही, सगळ्यांना कोणीतरी पाजतं. मी म्हटलं, "कोणी? तोंडात नरसाळं लावून ओतली का?"

"आमच्या बँडच्या मास्टरनं. छोटेलालनं. जलजिऱ्याच्या शरबतात टाकून देली. दोन घंटे उन्हात वाजवून आलो होतो, गटागट पेऊन घेतली. कळलंच नाई."

"पहिला गिलास कळला नाही, मानलं. आणि दुसरा?"

त्याने खाली बघितलं. "दुसरा मीच मांगतला."

मी हसले. खरं सांगते, मोठ्याने हसले. आमचा नियम होता, पिऊन आलेल्याला आत घ्यायचं नाही. मी त्याला म्हटलं, शुद्धीवर ये, मग ये. फाटक लावलं. आत येऊन त्याच्या फाईलमध्ये माझ्या सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'रुग्ण स्वतः प्याला असून दुसऱ्याने पाजल्याची बतावणी करतो.'

तो पुन्हा आला तो दीड वर्षाने. सुशीलाने हाताला धरून आणला. फाटकावरून परत गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो पिऊन नालीच्या काठावर तोंडावर आपटला होता. वरचे पुढचे चार दात गेले होते. ट्रम्पेट ओठांनी वाजतं असं आपल्याला वाटतं, पण ओठांच्या मागे दात लागतात. दात गेले की हवा नुसती फसफस बाहेर येते. बँडमधून त्याला काढून टाकलं. सुशीला मुलीला घेऊन नवेगाव बांधला माहेरी गेली. वर्षभराने त्याची कीव येऊन परत आली.

या खेपेला त्याची सुटली. सुटली ती कायमची. पण जायचं कुठे? त्याला वाजवण्याशिवाय काही येत नव्हतं. पास्टरसाहेबांनी त्याला केंद्रातच वॉर्डातल्या कामाला ठेवलं. थरथरणाऱ्यांना धरायचं, अंघोळ घालायची, दाढी करून द्यायची. त्याच्याइतका चांगला माणूस आम्हाला त्या कामाला कधी मिळाला नव्हता. ओकणाऱ्या माणसाचं डोकं कसं धरायचं, हे त्याला आतून माहीत होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या कानाने पकडली. सकाळच्या प्रार्थनेत, आमच्या अपराध्यांना आम्ही माफ केलं अशा अर्थाची ओळ यायची, तिथे प्रभुदास गप्प बसायचा. आधीची ओळ जोरात, पुढची ओळ जोरात, मधली गायब. मला काकांचा खोकला आठवायचा. मी एकदा विचारलं, "का रे, ती ओळ येत नाही का?"

"येते ना," तो म्हणाला. "पण खोटं कायले बोलू? देवासमोर बसून?"

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात एक रिक्षा दारात थांबली. एक बाई उतरली आणि तिने एका माणसाला ओढून बाहेर काढलं. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, हात असे थरथरत होते की रिक्षाचा दांडा धरवेना. अंगात मात्र बँडचा लाल कोट, सोनेरी गोंड्यांचा. मी नाव विचारलं. बाई म्हणाली, "छोटेलाल. सब मास्टर बोलते हैं."

माझ्या शेजारी प्रभुदास व्हीलचेअर धरून उभा होता. त्याने व्हीलचेअर सोडली, चपला घातल्या आणि मागच्या आवारात बोरीच्या झाडाखाली जाऊन बसला.

मी मागोमाग गेले. तो म्हणाला, "मी त्याचं काही करून नाई राह्यलो. त्याले दुसऱ्या दवाखान्यात पाठवा, नाईतर मले."

पास्टरसाहेब तर आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. "सिस्टर, हे देवाची मोठा योजना आहे!" मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, देवाला एवढी योजना जमते, तर त्याने आधी दातांचं बघायला हवं होतं." ते स्वतः व्हीलचेअर ढकलत आत गेले. पण दुसरा मदतनीस त्या आठवड्यात रजेवर होता आणि मास्टरला एकटी मी आवरू शकत नव्हते. संध्याकाळपर्यंत प्रभुदास उठून आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाय मी धरतो. तोंडाकडं तुम्ही राहा."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मास्टर भ्रमात गेला. वीज गेलेली, वॉर्डात भट्टी पेटल्यासारखं गरम. तो खाटेवर उठून बसला आणि हवेत काडी फिरवायला लागला. त्याच्या डोळ्यांपुढे वरात निघाली होती. "ढोल पीछे! ए, लाइट वाले, बाजू हो!" शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसायला लागला. मीही हसू दाबत होते. प्रभुदास त्याचे दोन्ही पाय धरून बसला होता.

तेवढ्यात मास्टर खालच्या आवाजात, एखाद्याच्या कानात सांगावं तसा बोलायला लागला. "प्रभु को दे. शरबत में डाल, जलजीरा ज्यादा डाल, पता नहीं चलेगा. साला आठ महीने से डर-डर के बजा रहा है. आज सेठ की बारात है."

प्रभुदासने पाय सोडले नाहीत. नुसती मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"ऐकलं का, बाई?"

फाटकावरच्या त्या गुरुवारला पाच वर्षं झाली होती. त्या वाक्यात आवाज चढलेला नव्हता, राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी इंजेक्शन भरायच्या निमित्ताने टेबलाकडे गेले.

संध्याकाळी मी त्याला गाठलं. म्हटलं, "प्रभुदास, मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी आत घेतलं असतं, तर..."

त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. "तुम्ही चूक लिहिलं होतं ना फाईलीत? सुशीलानं पाह्यलं होतं. तं ते दुरुस्त करा."

मी जुनी फाईल शोधून काढली. आधीची ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, 'रुग्ण खरे बोलत होता.' खाली सही केली. त्याला दाखवली. त्याने वाचली, मान हलवली आणि बादली उचलून निघून गेला. माफ केलं असं म्हणाला नाही. मला विचारायचं धैर्य झालं नाही.

मास्टर शुद्धीवर आला तेव्हा त्याला पहिल्यांदा नीट दिसलं, आपले पाय कोण धरतंय. त्यानंतर त्याची भीतीने अर्धी तब्येत सुधारली. प्रभुदासने दिलेली गोळी तो दोनदा उलटून पालटून बघायचा. पास्टरसाहेबांनी बेत आखला होता, रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर दोघांनी गळाभेट घ्यायची. प्रभुदास म्हणाला, "मी बँडमध्ये होतो साहेब, नाटकात नोहतो."

दहाव्या दिवशी मास्टरची दाढी करायची वेळ आली. हात थरथरणाऱ्याच्या हातात आम्ही वस्तरा देत नाही. प्रभुदास साबणाचा फेस करून, वस्तरा घेऊन समोर बसला. मी औषधं वाटत होते, चार हातांवर. मास्टर भिंतीला टेकला होता. त्याला आणखी मागे सरकायचं होतं, पण भिंत होती.

"प्रभु, भाई, रहने दे. दाढ़ी अच्छी लगती है मुझे."

"हलू नको."

"तू मारेगा तो नहीं?"

"मान वर कर."

एक गाल झाला. मग वस्तरा गळ्याशी आणून प्रभुदास थांबला. माझ्या हातातला गोळ्यांचा ट्रे तिरपा झाला.

"मास्टर, तू मले शरबतात टाकून पाजली."

मास्टरने डोळे मिटले. मग म्हणाला, "हां. पिलाई."

"काऊन?"

"सीजन था. तू बिना पिए वैसा नहीं बजाता था. मैंने सोचा, एक बार में क्या होता है."

"दुसरा गिलास मीच मांगतला. तो माहा. पहिला तुहा." प्रभुदासने ओठ वर करून ती मोकळी जागा दाखवली. "हे पाह्य. नीट पाह्य."

मास्टरने डोळे उघडून बघितलं आणि तो रडायला लागला. फेस, अश्रू, नाक, सगळं एक झालं.

"रडू नको, कापते," प्रभुदास म्हणाला. त्याने टॉवेलने त्याचं तोंड पुसलं, पुन्हा फेस लावला, दुसरा गाल केला. संपल्यावर वस्तरा बादलीत धुतला आणि म्हणाला, "माफ केलं तुले. पण तुह्या हातचं पाणीसुदिक पेणार नाई मी. सांगून ठेवतो."

पास्टरसाहेब दारात उभे राहून ऐकत होते. ते आत आले आणि समजावू लागले की क्षमा अशी अट घालून करायची नसते, ती पूर्ण करायची असते.

प्रभुदास म्हणाला, "साहेब, जेवढी होती तेवढी देली. अजून आली तं अजून देईन."

पास्टरसाहेबांनी त्याच्या हातातली मळक्या पाण्याची बादली घेतली आणि स्वतः ओतून आले. त्यांच्या सगळ्या गुरुवारांपेक्षा ते मला जास्त पटलं.

आता वाचकाला वाटेल, इथे सगळं गोड झालं. तसं होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभुदास चेहरा पाडून आला. "बाई, रातभरात राग पुन्हा येऊन बसला जी. काल देलेली माफी संपली." मी म्हटलं, मग? "मग काय, आज पुन्हा देतो." त्यानंतर तो रोज जाऊन मास्टरच्या खाटेशी उभा राहायचा, त्याच्याकडे रोखून बघायचा, पुटपुटायचा आणि कामाला लागायचा. मास्टरला वाटायचं, हा मंत्र घालतोय. त्याने घाबरून मला विचारलंही. आमच्या काही पेशंटांना गोळी रोज घ्यावी लागते, सुटत नाही. हेही तसंच असावं, अशी मी माझी समजूत घातली. प्रार्थनेतली ती ओळ तो म्हणायला लागला, पण एका सुरात नाही. काही दिवशी जोरात, काही दिवशी नुसते ओठ हलायचे.

मास्टर घरी गेला, पाच महिन्यांनी पुन्हा प्याला, पुन्हा आला. दुसऱ्या खेपेला मात्र टिकला. बँड पुतण्याच्या हवाली केला. एके दिवशी त्याने प्रभुदासला जवळजवळ ढकलत दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि चार दातांची कवळी बसवून आणली. मग दोघं केंद्राच्या मागच्या आवारात गेले. मास्टरने पिशवीतून ट्रम्पेट काढलं. आम्ही सगळे खिडक्यांना लटकलो. प्रभुदासने कवळी दाबून बसवली, छाती भरून ट्रम्पेट फुंकलं. असा आवाज आला की शेजारच्या शेतातल्या म्हशी माना वर करून बघायला लागल्या. दुसऱ्यांदा फुंकलं तर कवळीच सुटून ट्रम्पेटवर आपटली. मास्टर पोट धरून हसायला लागला, मग दचकून थांबला. पण तोवर प्रभुदासच बोळक्या तोंडाने हसत सुटला होता. दोघांना बोरीच्या खोडाचा आधार घ्यावा लागला. ट्रम्पेट परत पिशवीत गेलं. त्याने ते पुन्हा कधी मागितलं नाही, आणि त्या संध्याकाळी मी त्याला आवारात एकटाच बसलेला पाहिला, हे पण सांगायला हवं. हसून सगळं भरून येत नाही.

मी २०१४ साली केंद्रातली नोकरी सोडली. निरोपाला पास्टरसाहेबांनी भाषण केलं. त्यात मी 'मोठा बाई' होते. जुने पेशंट आले होते. कोणी शाल दिली, कोणी भिंतीवरचं घड्याळ. सुशीलाने पोहे केले होते. सगळं आटोपल्यावर प्रभुदास माझं सामान घेऊन रिक्षापर्यंत आला. पंधरा वर्षांत मी किती माणसांचे हात धरले, पण एक प्रश्न सात वर्षं गिळून बसले होते. आता नाही विचारला तर राहूनच जाईल, असं वाटलं.

"प्रभुदास, मास्टरला तू माफ केलंस. मला कधी केलंस?"

त्याने सामान रिक्षात नीट लावलं. घड्याळ फुटू नये म्हणून शालीत गुंडाळलं. मग कवळीचे पांढरे दात दाखवत म्हणाला,

"तुमचं चालूच हाये अजून, बाई."

आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "सांभाळून नेजो रे. आमची बाई हाये."